कापशीचा डोळा

मटार काढायला म्हणून फ्रीजर उघडला, पिशवीखाली हात घातला, तर हाताला पिसं लागली. मी किती जोरात किंचाळले ते विचारू नका. वरच्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून डोकावली. आमचे हे मात्र खुर्चीतून हलले नाहीत. तिथूनच म्हणाले, "अगं, ताईचं असेल काहीतरी." असेल काहीतरी! माझ्या फ्रीजरमध्ये, माझ्या मटारांना टेकून, कागदात गुंडाळलेला अख्खा पक्षी, आणि ह्यांच्या लेखी ते काहीतरी!

ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, माझ्या वन्सं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या ह्या घरात होत्याच. पहिल्याच आठवड्यात मला कळून चुकलं की इथे सासूचा नाही, पक्ष्यांचा धाक आहे. वन्सं संग्रहालयात कामाला होत्या. मेलेला पक्षी जिवंत वाटावा असा उभा करायचा, हे त्यांचं काम. कुणी 'पेंढा भरतात' म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "पेंढा गादीत भरतात," त्या म्हणायच्या. "मी तारेचा सांगाडा वाकवते, त्यावर लाकडाच्या झिलप्यांचं अंग बांधते, मग त्याच्यावर त्याचं कातडं चढवते. तुझ्या शिवणकामापेक्षा अवघड आहे." मी घरी शिवणकाम करते, म्हणून हा टोमणा. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "माझी गिऱ्हाइकं निदान तक्रार करायला परत येतात," असं मी सुनवायची.

त्या दिवशी त्या घरी आल्या तेव्हा मी दारातच उभी होते, कमरेवर हात ठेवून.

"संग्रहालयात नवं दालन होतंय, सगळी वायरिंग उकरलीय," त्या म्हणाल्या. "तिथला फ्रीजर बंद आहे."

"मग शेजाऱ्यांकडे ठेवायचा."

"शेजाऱ्यांनी घेतला नसता."

"आणि मी घेतला?"

"तुला विचारलं कुठे?"

एवढं बोलून त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कागद उलगडून तो पक्षी त्यावर ठेवला. भांडायला म्हणून मी जवळ गेले आणि तशीच खुर्ची ओढून बसले.

पारव्यापेक्षा जरा सडपातळ. पोट, छाती पांढरीशुभ्र. पाठ फिकट राखाडी, त्यात किंचित निळसर झाक. खांद्यांवर मात्र काळाकुळकुळीत पट्टा, कोळशाच्या पोत्याला खांदा देऊन आल्यासारखा. डोळ्याभोवती काजळ पसरलेलं. चोच इवलीशी, पण टोकाला अशी वाकलेली की बोट लावायची छाती होईना. पंख मिटलेले, तरी त्यांची टोकं शेपटीच्याही पुढे आलेली. वन्सं म्हणाल्या, "हात लाव." मी लावला. मी कापडातली बाई. रेशीम, मखमल, सगळं ह्या बोटांखालून गेलंय. इतकं मऊ कधीच लागलं नव्हतं.

"कापशी घार," वन्सं म्हणाल्या. "कापसासारखी, म्हणून कापशी. विमानतळाच्या धावपट्टीच्या कुंपणाजवळ गाडीला आपटली बिचारी. पूर्ण वाढलेली आहे. पिल्लू असतं तर पाठीवर तपकिरी झाक आणि पिसांना फिकट किनार असती."

"आणि डोळे?"

डोळ्यांच्या जागी नुसता सुरकुतलेला करडा पडदा होता. वन्संनी तो पडदा बोटाने हळूच सारखा केला. मग म्हणाल्या, "मेल्यावर सगळ्यात आधी डोळ्यांचाच रंग जातो. लहानपणी तपकिरी असतात. मग पिवळे होतात, नारिंगी होतात आणि वयात आली की लाल. असा लाल, अगं, की बघणाऱ्याने नजर खाली घालावी."

त्यांनी तो रंग एकदाच जवळून बघितला होता. काम शिकायला लागल्या तेव्हा, वीस-बावीस वर्षांच्या असताना, त्यांच्या गुरुजींकडे एक जखमी कापशी आली होती. ती जाईपर्यंत वन्संनी तिला हातात धरलं होतं. गुरुजींनी तिला उभी केली, पण डब्यात काचेचे काळे डोळे होते तेच बसवले. वन्सं म्हणाल्या, गुरुजी, हिचे डोळे लाल होते. गुरुजी म्हणाले, मग पुढची तू कर. पुढची कापशी यायला वन्संची सगळी नोकरी सरत आली. आणि आली ती अशी, निवृत्तीच्या तोंडावर, नव्या दालनात अगदी मधोमध टांगायला, हवेत थांबलेली. "ही एकदा नीट झाली की मी मोकळी," त्या म्हणाल्या. तेव्हाच मला कळलं की आता फ्रीजरवरून भांडण्यात अर्थ नाही.

त्या दालनाचे गडद निळे पडदे शिवायचं काम मला मिळालं होतं. मापं घ्यायला गेले तेव्हा पक्षी विभागाच्या मॅडम भेटल्या. वयाने लहान, नुकत्याच रुजू झालेल्या, पण विद्वत्ता अशी की ऐकत राहावं. वन्संना त्या ताई म्हणायच्या. मी सहज विचारलं, "एवढीशी ती, तिला घार कसं म्हणता हो तुम्ही?" तशा त्या हसल्या आणि त्यांनी मला कपाटांच्या खोलीत नेलं. एक खण ओढला. आत अभ्यासासाठी ठेवलेल्या जुन्या कापश्या ओळीने उताण्या निजवलेल्या, डोळ्यांच्या जागी कापसाचे बोळे, प्रत्येकीच्या पायाला चिठ्ठी. चिठ्ठ्यांवर नावं खोडून परत लिहिलेली.

"हिने फार कपाटं बदललीत," मॅडम म्हणाल्या. "टोकदार पंख बघून पहिल्यांदा ससाण्यांत ठेवली. पण ससाण्याच्या वरच्या चोचीला दातासारखा कंगोरा असतो. हिला तो नाही. काढली बाहेर. मग घारींत. पण बाकीच्यांची नखं खालून चपटी आणि हिची गोल. आता समोरून बघा हिचं तोंड."

मी वाकून बघितलं. "अगंबाई! घुबड!"

"बघा! बऱ्याच जणांना तसंच वाटलं. हल्ली पेशींतून नाती शोधतात. त्यात ससाणे निघाले पोपटांचे जवळचे."

"काय सांगता!"

"आणि ही? गरुड, गिधाडं, शिक्रे, घारी, ही सगळी भावकी एकमेकांपासून वेगळी व्हायच्याही आधी हिने आपली चूल वेगळी मांडली होती. ते सगळे एका घरात होते तेव्हापासून ही एकटी आहे."

माझ्या अंगावर काटा आला. मूठभर वजनाचा तो जीव, पायाला चिठ्ठी बांधून खणात निजलेला, आणि गरुडाहून जुनं त्याचं घराणं! मापं घ्यायची राहिलीच. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

वन्संच्या गुरुजींचा एक नियम होता. डोळ्याचा रंग फोटोवरून कधी घ्यायचा नाही, फोटोत छापणाऱ्याची शाई असते. जिवंत पक्षी बघायचा, रंग नजरेत धरायचा आणि तसाच घरी आणायचा. वाटेत बोलायचं नाही, त्या रंगाची दुसरी वस्तू बघायची नाही. म्हणून एका सकाळी आम्ही दोघी धावपट्टीच्या कुंपणाकडे गेलो. मी लाल स्वेटर घातला होता, तो बसमधून उतरल्या उतरल्या काढायला लावला. थंडीत कुडकुडत मी मनात म्हटलं, कुठे वन्संच्या नादी लागले.

आणि ती आली. गवतावरून येता येता मध्येच हवेत थांबली. थांबली म्हणजे अक्षरशः थांबली! पंख फडफडतायत, शेपटी उघडतेय, मिटतेय, वाऱ्याने अंग वरखाली होतंय आणि डोकं मात्र तसूभर हलत नाही. खालच्या गवतातल्या उंदरावर रोखलेलं. मग पंख वर उचलून, पाय खाली सोडून ती हळूहळू उतरायला लागली आणि शेवटी दगडासारखी पडली. परत उठली ती पंजात उंदीर घेऊन, आणि आमच्या समोरच्या खांबावर येऊन बसली. शेपटी एकदा वर, एकदा खाली. मी दुर्बीण लावली. तिने मान वळवली आणि थेट माझ्याकडे बघितलं. काय सांगू! त्या पांढऱ्या अंगात, त्या काळ्या काजळात, तो लाल.

"वन्सं, बघा, बघा, खांबावर!" मी त्यांच्या हातात दुर्बीण कोंबली.

त्यांनी दुर्बीण लावली. पलीकडच्या खांबाला. तो खांब रिकामा होता.

"दिसली," त्या म्हणाल्या. "हो, दिसली. लालभडक."

मी दुर्बीण पिशवीत घातली. वाटेत बोलायचं नाही हा नियम त्या दिवशी आम्हा दोघींनाही बरा वाटला.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे मला त्या रात्री ह्यांच्याकडून कळलं. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. वन्संनी कुणाला बोलायचं नाही म्हणून भावाला तंबी दिली होती, आणि हा भाऊ मूग गिळून बसला होता. ह्यांना मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. "ती म्हणते, ऑपरेशन बिघडलं तर कापशी अर्धवट राहील," हे खाली मान घालून म्हणाले.

वन्संनी डोळे रंगवायला घेतले ते माझ्या शिवणाच्या खोलीत, तिथे उजेड चांगला म्हणून. काचेचे पारदर्शक अर्धगोल असतात, त्यांना मागून रंग द्यायचा. आधी मधली काळी बाहुली, मग तिच्याभोवती रंगाचे पातळ थर, एकावर एक. मागून दिलेला रंग पुढून दिसतो. मशीन बंद ठेवून मी बघत बसले होते. हात इतका स्थिर की मला वाटलं, जमेल. सवयीचा हात आहे, जमेल. त्या लाल रंगात थोडा गुलाबी घालत, काचेतून बघत, मान हलवत. परत थोडा घालत. शेवटी त्यांचा चेहरा उजळला.

"हा! हाच तो," त्या म्हणाल्या आणि दोन्ही डोळे माझ्या तळहातावर ठेवले.

डोळे राणी रंगाचे झाले होते. चक्क राणी कलर. लग्नाच्या मांडवाला लावतात तसा.

मी हातचं राखून बोलणारी नाही. म्हटलं, "वन्सं, हा लाल नाही."

"तू कपडे शिव."

"रंग जुळवणं हाच माझा धंदा आहे."

"मी तो पक्षी हातात धरला होता! तू दुर्बिणीतून बघून मला शिकवतेस?"

आवाज चढला. हे दारात आले आणि तसेच परत गेले. मग मी वाद सोडला आणि माझा दोऱ्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. "ह्यातलं कापशीच्या डोळ्याचं रीळ काढून द्या. तुम्ही म्हणाल ते खरं."

त्यांनी एकेक रीळ उचलून खिडकीशी धरलं. पुष्कळ वेळ लावला. शेवटी एक माझ्या हातात दिलं. राणी कलरचं. मी डब्यातलं भडक लाल रीळ उचलून त्यांच्या हातात ठेवलं. "आणि हे?"

"हे विटकरी."

"वन्सं, हे लाल आहे. माझ्या स्वेटरसारखं लाल."

त्या रीळ हातात धरून खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, आता चिडतील, नाहीतर रडतील. मी पाणी आणायला उठले तर माझा हात धरला. म्हणाल्या, "किती पक्षी झाले असतील गं असे?" माझ्या तर हे डोक्यातही आलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, घाबरलात तर घाबरा, पण घाबरून काम बरोबर होणार नाही. एक डोळा आधी करू. बिघडलाच तर दुसरा आहे, आणि दुसऱ्याला मी आहे. संग्रहालयात जाऊन मॅडमना सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ताई, मधली जागा मी रिकामी ठेवते. तिथे दुसरं काही टांगणार नाही."

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर वन्सं स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

"रंग कधी दिला?"

"कुणी दिला? तीच भिंत आहे."

त्यांनी नवा डोळा झाकला, उघडला. जुना झाकला, उघडला. लहान मुलीसारखं चाललं होतं. "ह्या डोळ्याने बघितलं की सगळं चहात बुडवल्यासारखं. ह्याने धुऊन वाळत घातल्यासारखं. आणि अगं, हा टेबलक्लॉथ निळा आहे?"

"तुम्हीच आणलाय तो."

"मी हिरवा समजून आणला!" आम्ही दोघी इतक्या हसलो की डोळ्याला ताण नको म्हणून मलाच त्यांना गप्प करावं लागलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली तशा आम्ही परत त्या कुंपणाशी गेलो. स्वेटर मी घरीच ठेवला होता. बराच वेळ काही नाही. मग गवतावर पांढरं काही हललं, वर आलं आणि हवेत थांबलं. ह्या वेळी मी काही दाखवलं नाही. वन्संनी स्वतःच दुर्बीण उचलली. कापशी खांबावर येऊन बसली, शेपटी उचलली, मान वळवली. मी मागून त्यांची कोपरं धरली, दुर्बीण हलू नये म्हणून. त्यांचं सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं, पण दुर्बीण त्यांनी सोडली नाही. पक्षी उडून गेला तेव्हा त्यांनी नियम मोडला आणि बोलल्या.

"मी विसरले होते गं. मला वाटायचं माझ्या लक्षात आहे. एवढा लाल माझ्या आठवणीत नव्हता."

घरी आल्यावर चपलाही न काढता त्या रंगवायला बसल्या. ह्या वेळी गुलाबीच्या ट्यूबला हातही लावला नाही. डोळे बसवले, पापण्या सुईने सारख्या केल्या आणि पक्षी माझ्याकडे वळवला. मी एक पाऊल मागे सरकले. खोटं नाही सांगत, सरकले. माझ्याच शिवणाच्या खोलीत, रिळांच्या डब्याशेजारी, तारेवर बसवलेला तो जीव माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्यापुढे कुणीच नव्हते.

नव्या दालनात तिला वरून बारीक तारेने टांगलं. पंख उचललेले, पाय खाली सोडलेले, डोकं गवतावर रोखलेलं. मागे माझा निळा पडदा. लोक यायच्या आदल्या दिवशी मॅडमनी आम्हाला बोलावलं. नवं दालन म्हणून सगळीकडेच पांढरेशुभ्र दिवे लावले होते, तिकडे जाताना लागणाऱ्या जुन्या लांब दालनातसुद्धा. तिथे आजवर पिवळट बल्ब होते. त्या उजेडात कुणाच्याच कधी लक्षात आलं नव्हतं.

आम्ही जुन्या दालनातून चालत निघालो. सुरुवातीच्या पेट्यांतले पक्षी झकास. शिक्र्याचे डोळे पिवळेजर्द, बगळ्याचे पिवळे, कोकिळेचे लाल. मग पुढे पुढे पिवळे फिकट व्हायला लागले. लाल गुलाबीकडे झुकायला लागले. शेवटच्या पेट्यांशी आलो तेव्हा पिंगळ्याचे डोळे दुधासारखे होते आणि पाणकोंबडीचे राणी कलरचे. वन्संच्या डोळ्यांत पडदा कसा चढत गेला ते त्या काचांमागे ओळीने उभं होतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मला रडू येत होतं आणि त्यांच्यादेखत रडायचं नव्हतं.

"एकेक बदलू, ताई," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुमच्याच हाताने. निवृत्त झालात तरी या. घाई नाही."

वन्सं वळल्या. परत जुन्या दालनाच्या दाराशी गेल्या. नव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि जुना तेवढा उघडा ठेवून पहिल्या पेटीपासून चालायला लागल्या. प्रत्येक काचेपुढे थांबायच्या, मान वर करायच्या, बघायच्या. "हा बरोबर आहे," पुटपुटायच्या. "हासुद्धा बरोबर. ही माझी पाणकोंबडी. काय सुंदर झाली होती." त्या डोळ्याला एकही चुकलेला नव्हता. शेवटी नव्या दालनात कापशीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"ही मात्र विटकरी," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी तळहात काढला. कापशीकडे बघत त्या किती वेळ उभ्या होत्या मला माहीत नाही. मॅडमही हलल्या नाहीत, मीही नाही.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन टाक," वन्सं म्हणाल्या. "ह्या सगळ्यांना शेवटचं बरोबर बघून घेतलं."

मग त्यांनी माझा हात धरला, जुना डोळा झाकला आणि नवा उघडा ठेवून, एकेका पेटीपुढे थांबत, त्या परत चालत निघाल्या.